आईच्या साड्यांना कात्री लावण्याआधी

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. अकरा वर्षं त्या ऑर्डरवर गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतात. चौकोनाला चौकोन, कडेला पट्टी, हाच नमुना, आणि काम स्वच्छ असल्यामुळे गिऱ्हाईक टिकून आहे. आता त्यांना ठरीव नमुना सोडून मनाने काही शिवायचंय, तेही गेल्या वर्षी वारलेल्या आईच्या सात सुती साड्यांतून. तीनदा कात्री हातात घेतली आणि तीनदा खाली ठेवली. त्या विचारतात, "साडी वाया गेली तर? लोक म्हणतील हे काय वाकडंतिकडं? हे धाडस येतं कुठून?"

ताई, कात्री तीनदा खाली ठेवलीत ते बरंच केलंत. हात थांबला त्याला कारण होतं. ते कारण नीट समजून घेतलं की चौथ्यांदा कात्री उचलायची की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

गेली बत्तीस वर्षं मी गोधड्या शिवतेय. धाडसी स्वभाव वगैरे मला फारसा दिसलेला नाही, ना माझ्यात ना माझ्यासोबत शिवणाऱ्या बायकांत. मला दिसलं ते एवढंच, की काय उसवता येतं आणि काय येत नाही हे हाताला ठाऊक झालं की भीती तेवढ्या जागेपुरती उरते. तुकड्यांची मांडणी दहादा बदला, काही जात नाही. टाका उसवता येतो, त्यात फक्त वेळ जातो. कापलेलं कापड मात्र परत येत नाही, आणि एका कापडाचा रंग दुसऱ्याला लागला तर तोही निघत नाही. म्हणजे घाबरायच्या जागा दोनच, कात्री आणि पाणी. बाकी सगळीकडे तुम्ही आजपासून हवं तसं वागू शकता. तुम्ही नेमक्या कात्रीपासून सुरुवात करायला निघालात, म्हणून हात अडला.

माझी आई लालबागच्या चाळीत गोधड्या शिवायची. वडील कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या घरात नवं कापड येणं बंद झालं. त्याआधीच्या तिच्या गोधड्या तुमच्यासारख्याच शिस्तीच्या होत्या. संपानंतरच्या तीन माझ्याकडे आहेत. त्यातल्या एकीत वडिलांच्या खाकी पँटच्या लांब पट्ट्या आहेत, शेजारी आईच्या जुन्या नऊवारीची निळी पट्टी, परत खाकी. एका जागी खाकी पट्टी वीतभर कमी पडलीय. तिथे आईने पडद्याचा पिवळा तुकडा लावलाय. गोधडी पसरली की नजर आधी त्या पिवळ्यावर जाते आणि मग सगळीकडे फिरते. तो तुकडा नसता तर ती नुसती पट्ट्यांची गोधडी झाली असती.

लोक म्हणतात, गरिबीत हाताला लागेल ते लावलं, त्यात कला कसली. मला हे मुळीच पटत नाही. तेव्हा घरात मळक्या पांढऱ्या धोतराचा तुकडाही होता, मला तो चांगला आठवतो, कारण पुढे त्याच्या पिशव्या झाल्या. खाकीत पांढरा लपून गेला असता. आईने पिवळा उचलला. कापड कमी पडलं ही अडचण, पण कोणता तुकडा लावायचा हे तिने ठरवलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या काळ्या शेतकरी घरांतल्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये आधी ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. त्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आईच्या खाकी गोधडीचीच आठवण आली. रेषा वाकड्या आहेत, पण कुठला रंग किती जागा घेणार हे अगदी तोलून ठरवलेलं आहे. तेव्हा "वाकडंतिकडं" या शब्दाला तुम्ही घाबरू नका. वाकडी रेघ ठरवून आलीय की हात चुकून आलीय, हे पाहणाऱ्याला कळतं. त्याला ते सांगता येत नाही, एवढंच.

आता कामाचं बोलते. एका गोधडीत एकच गोष्ट नवी करा. नवी मांडणी, नवा दोरा, नवं कापड आणि नवा टाका असं सगळं एकदम केलंत, तर बिघडल्यावर कशाने बिघडलं ते कळत नाही, आणि जमलं तर कशाने जमलं तेही कळत नाही. आपल्या मुंबईच्या विणकर मोनिका कोरिया यांचं काम मी यासाठी सगळ्यांना पाहायला सांगते. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ राहावेत म्हणून फणी असते. त्यांनी विणता विणता ती फणीच काढायला सुरुवात केली. मग उभे धागे सरकू लागले, वळू लागले, झाडाच्या फांद्यांसारखे पसरू लागले. माग तोच, विणण्याची पद्धत तीच, एक गोष्ट काढली. आणि ती काढायची तर फणी काय काम करते हे आधी बोटांना माहीत असायला लागतं. तुम्हाला अकरा वर्षं चौकोन शिवल्याचा कंटाळा आलाय, पण ते चौकोनच तुमचा माग आहे. त्यातली कोणती फणी काढायची ते ठरवा. रांग मोडायची? की चौकोनाची मापं वेगवेगळी करायची? की सगळं तसंच ठेवून धावदोरा सरळ ओळीत न घालता गोल फिरवायचा? यातलं एक.

मी एकदा हा नियम मोडला होता. २००९ सालची गोष्ट. वडिलांची धोतरं आणि माझ्या दोन इरकली साड्या घेऊन मला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारे तिरपे पट्टे करायचे होते. पट्टे तिरपेच दिसायला हवेत म्हणून मी कापडही तिरपं कापलं, उरेब. शिवाय त्या वेळी पहिल्यांदाच जाड भर घेतली आणि दोराही बदलला. उरेब कापड ताणतं हे मला ब्लाऊजच्या गळ्याला पट्टी लावताना रोज दिसत होतं. तरी सात फूट लांब पट्टी ताणली की काय होईल हा विचार मनाला शिवला नाही. कडा मापात आल्या आणि मधोमध गोधडीला पोट सुटलं. जमिनीवर पसरली की मध्यात चांगली चार बोटं उंच उभी राहायची. हाताने दाबलं की फुगा बाजूला सरकायचा.

तीन दिवस मी ती गुंडाळून माळ्यावर टाकली. मग काढली आणि उसवायच्या ऐवजी मधल्या भागात टाके दाट घालत गेले. एरवी दोन ओळींत मी दोन बोटं अंतर ठेवते, तिथे अर्धं बोट ठेवलं. जास्तीचं कापड दोन ओळींच्या मधे बारीक उभं राहिलं, भरतीनंतर वाळूवर दिसतात तशा लाटा. कडेला सपाट, मध्यात लाटा. सपाट कराव्या म्हणून घातलेल्या टाक्यांनीच ते रूप आलं. आजही माझं अर्धं काम त्यावर चालतं, फक्त आता मी पोट मुद्दाम ठेवते. उरेब पट्टी आधी सरळ धाग्याच्या मलमलवर कच्च्या टाक्यांनी बसवते आणि जिथे सैल हवी तिथेच सैल सोडते. हे सगळं त्या फसलेल्या गोधडीने शिकवलं, पण ती मी पुरी केली म्हणून. माळ्यावर राहिली असती तर मला फक्त एवढंच कळलं असतं की उरेब वाईट. अर्ध्यात सोडलेलं काम काहीच सांगत नाही. धावदोरा भरून झाल्यावर आणि एकदा धुतल्यावर गोधडीचा चेहरा बदलतो. तोवर तिला नापास करू नका.

तुम्ही पहिली चाचणी आसनावर करा. दोन फूट बाय दोन फूट, बसायचं आसन. गोधडीचीच कापडं, तोच दोरा, तेवढेच थर. ते चार-पाच दिवसांत होतं, वापरात येतं, धुतलं जातं, आणि फसलं तरी घरातलं कुणी त्यावर बसून जेवतंच. अशी तीन आसनं करा आणि मगच मोठ्या कामाला हात घाला. कागदावर चित्र काढून पुढे तसंच शिवायचा आग्रह धरू नका. कागदावर सगळं सपाट असतं, जुन्या सुती साडीला वजन असतं आणि ती हाताखाली सरकते.

चौकोनाची सवय मोडायला एक पद्धत फार उपयोगी आहे. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. हे लोक मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या कवंदीत तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तराची साडी पसरायची, एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट अस्तरावर लावत जायचं. कड संपली की गोधडी फिरवायची आणि पुढची कड घ्यायची. असं फिरत फिरत बाहेरून आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. जोडणं आणि भरणं एकाच टाक्यात होतं. पुढचा तुकडा कोणता, हे त्या जागेवर पोचल्यावरच ठरतं. चार कोपऱ्यांना या बायका त्रिकोणी दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. एक आसन या पद्धतीने करून पाहा. ज्या बाईने अकरा वर्षं आधी मोजून मग शिवलंय, तिला पहिल्या दोन फेऱ्या फार अस्वस्थ करतात. तिसऱ्या फेरीला हात आपोआप तुकड्यांच्या ढिगाकडे जायला लागतो. मी शिकवते तेव्हा बायकांच्या खांद्यांकडे बघत असते. खांदे खाली आले की समजायचं, आता ती शिवतेय.

आता बघण्याचं. मुंबईच्या घरात ही सगळ्यात मोठी अडचण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत गोधडी पसरली की आपल्याला उभं राहायला जागा उरत नाही, आणि दोन फुटांवरून बघितलं की फक्त टाके दिसतात. मी अजून चाळीतच राहते. टाचण्या लावलेले तुकडे चादरीवर कच्च्या टाक्यांनी धरते, चादर गॅलरीच्या कठड्यावर सोडते आणि जिन्याने उतरून समोरच्या अंगाच्या गॅलरीत जाते. चौकाच्या पलीकडून, चाळीस-पन्नास फुटांवरून, गोधडी खरी कशी आहे ते दिसतं. एकदा समोरच्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ते मधलं लाल खाली घसरतंय बघ." मी आठवडाभर त्या गोधडीत काय चुकतंय ते शोधत होते. लाल तुकडा तळहाताएवढा वर घेतला आणि सगळं जागेवर बसलं.

तुमच्याकडे असा चौक नसेल तर सोसायटीच्या जिन्याच्या कठड्यावरून सोडा आणि खालच्या वळणावरून बघा. तेही नसेल तर फोन आहेच. फोटो काढा आणि त्यातला रंग काढून काळापांढरा करा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी काळ्यापांढऱ्यात ते एकच राखाडी झाले, तर लांबून गोधडी गिचमीड दिसणार. फिका, मध्यम आणि गडद असे तिन्ही दिसले तर मांडणी कितीही मोकळी असली तरी ती उभी राहते. मनाने शिवलेल्या गोधड्या फसतात त्या बहुतेक इथेच. आकार वाकडे असल्याने नाही, सगळे रंग एकाच जोराचे असल्याने.

पाण्याचं सांगितल्याशिवाय मात्र पुढे जायला नको. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईक बाईंच्या सासूबाईंच्या पांढऱ्या नऊवारीवर मी नवा लाल खण लावला. मीठ घातलेल्या पाण्यात खण रात्रभर ठेवला होता, सगळे सांगतात म्हणून. पहिल्याच धुण्यात खणाभोवती गुलाबी डाग पसरला आणि तो कशानेच गेला नाही. त्या बाई रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प राहिल्या. ते मला आजही बोचतं. मिठाने बाजारच्या कापडाचा रंग पक्का होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक कापडाचा कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, पांढऱ्या रुमालात घट्ट पिळा आणि तसाच गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी रुमालावर रंग दिसला तर ते कापड पांढऱ्याशेजारी जाणार नाही, कितीही सुंदर असलं तरी. मंगळदास मार्केटमधून आणलेलं नवं कापडही आधी एकदा धुऊनच घ्या. जुनी साडी आटून गेलेली असते, नवं कापड शिवल्यावर आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढतं.

आता गिऱ्हाइकांचं. ऑर्डरच्या कामात न सांगता प्रयोग करायचा नाही, यावर मी ठाम आहे. समोरच्याने चौकोनांचे पैसे दिलेत, त्याला चौकोन मिळाले पाहिजेत. पण गोधडीला दोन बाजू असतात. अस्तराला एक अख्खी साडी लावण्याऐवजी मागच्या बाजूला मी माझ्या मनाचं जोडकाम करू लागले, गिऱ्हाइकाला विचारून आणि जादा पैसे न घेता. पहिल्या तीन गिऱ्हाइकांपैकी दोघींच्या घरी पुढे गेले तेव्हा ती मागची बाजू पलंगावर वर होती. तिसरीने कधीच उलटी केली नाही, आणि तेही ठीकच आहे. एवढं लक्षात ठेवा, की टाके दोन्हीकडे उमटतात. पुढचे चौकोन ज्या ओळींनी भरायचेत त्या ओळी मागच्या मांडणीवर कशा जातील ते आधी बघून ठेवा. मनाने केलेल्या पहिल्या तीन गोधड्या मात्र विकू नका. त्या घरात वापरा, पाच-सहा वेळा धुवा. कुठला टाका सुटतो, कुठला तुकडा विरतो हे कळल्यावर पुढचीला किंमत लावा, आणि ती चौकोनांच्या गोधडीपेक्षा कमी लावू नका. स्वस्तात दिलेला प्रयोग लोक चुकलेला माल म्हणूनच घेतात.

आता आईच्या सात साड्या. सगळ्यात आधी प्रत्येक साडी खिडकीसमोर उजेडात धरून बघा. बसून बसून मागचा भाग विरलेला असतो, तिथून उजेड आरपार येतो. तो भाग वर लावायला उपयोगाचा नाही, पण भर म्हणून उत्तम. कितीही विरला तरी टाकू नका, तिथेच कापड सगळ्यात मऊ असतं. साडीच्या आतल्या, निऱ्यांच्या टोकाचं कापड सहसा चांगलं राहिलेलं असतं. कापायचं तर आधी तिथून.

पण पहिली गोधडी न कापता करा. दोन-तीन साड्या अख्ख्या घड्या घालून थर करा. पाच-साडेपाच मीटरची साडी तिहेरी केली की पावणेदोन मीटरच्या जवळपास लांबी मिळते. दोन साड्या शेजारी ठेवल्या की एका माणसाच्या अंगावर भरपूर होते. वर जी साडी घ्याल तिचे काठ जिथे पडतील तिथे पडू द्या, आणि तुमची नवी गोष्ट फक्त टाक्यात करा. काठाला लागून ओळ सुरू करा आणि कापड नेईल तशी पुढे न्या, जवळ, लांब, वळवत. प्रत्येक टाका उसवता येईल. आईची साडी अख्खी राहील. नाही आवडलं तर दोरा काढून टाका, साडी पुन्हा साडीच आहे, फक्त बारीक भोकं राहतील आणि तीही एका धुण्यात बरीचशी मिटतात.

कापायची वेळ आली तर आधी आईचे परकर घ्या. ते घरात असणारच, आणि त्यांचं कापडही तिच्याच अंगावर तेवढंच मऊ झालेलं असतं. त्यावर हात बसला की साडीकडे वळा. कापण्याआधी प्रत्येक साडीचा पूर्ण फोटो काढून ठेवा, काठ आणि पदर दिसतील असा. बहीण-भाऊ असतील तर त्यांनाही विचारा. एकीने न विचारता कापलेल्या साडीवरून पुढे वर्षभर अबोला राहिलेला मी पाहिलाय, आणि ते दुःख गोधडी कितीही सुरेख झाली तरी भरून येत नाही.

सध्या पावसाचे दिवस आहेत. थर घातलेली गोधडी आपल्याकडच्या दमट हवेत नीट वाळत नाही, आत ओल धरते आणि एकदा कुबट वास बसला की जात नाही. त्यामुळे भरायचं काम दसऱ्यापर्यंत थांबलं तरी चालेल. तोवर आसनं करा आणि जमिनीवर मांडण्या करून फोटो काढत राहा. साड्या कडकडीत ऊन पडेल त्या दिवशी धुऊन सावलीत वाळवा आणि घड्या बदलून ठेवा, जुन्या घडीवरच साडी आधी फाटते. सातही पदर तूर्त बाजूला ठेवा. ते कुठे लागणार आहेत ते आज ठरवू नका.